देणगी आणि वर्गणी

(महासंघाच्या बैठकीसाठी चंडीगड येथे आलेल्या रेल्वे व टपाल खात्यातील मराठी प्रतिनिधींपुढे केलेल्या भाषणाचा हा मजकूर.)



काल रात्री विषय नियामक समितीत एक ठराव आला. ठराव तसा साधा आहे. प्रत्येक सभासदाकडून दरमहा दहा रुपये जादा घ्यावेत आणि ती रक्कम गरिबी दूर करण्याचे काम करणाऱ्या एखाद्या चांगल्या धर्मादाय संस्थेकडे सुपूर्द करावी. यावर दोन तास चर्चा झाली, आवाज चढले, चहा गार झाला आणि शेवटी ठराव आजच्या सभेवर सोडून सगळे झोपायला गेले.

एका बाजूचे म्हणणे असे, की आपण सातव्या वेतन आयोगाचे पगार घेतो. फलाटावर झाडू मारणारा ठेकेदाराचा मजूर, डब्यात पांघरुणे वाटणारा पोरगा, टपालाच्या गोण्या उतरवणारा रोजंदारीवाला यांच्याकडे पाहून आपल्याला काही वाटते की नाही? दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे, की दानधर्म हे शेठजींचे काम. युनियनने हक्काची भाषा बोलावी, भिक्षेची नव्हे. आज दहा रुपये द्याल, उद्या सरकार म्हणेल तुम्हीच सांभाळा यांना.

दोन्ही बाजू प्रामाणिक आहेत. मला त्यात पडायचे नव्हते. पण ज्या गावात बसून आपण हा वाद घालत आहोत, त्याच गावात सेक्टर १५ मध्ये एक इमारत आहे, लाजपतराय भवन. सर्व्हंट्स ऑफ द पीपल सोसायटी, म्हणजेच लोकसेवक मंडळ, या संस्थेची ती वास्तू. ही संस्था धर्मादाय. आणि तिचा संस्थापक कोण? आयटकचा पहिला अध्यक्ष! देशातल्या कामगारांची पहिली मध्यवर्ती संघटना ३१ ऑक्टोबर १९२० रोजी मुंबईच्या एम्पायर थिएटरात जन्मली, तेव्हा अध्यक्षस्थानी लाला लाजपतराय होते. एक वर्षानंतर, नोव्हेंबर १९२१ मध्ये, त्यांनी लाहोरला लोकसेवक मंडळ काढले आणि त्याचे उद्घाटन गांधीजींच्या हस्ते केले. म्हणजे युनियन आणि सेवासंस्था या दोन गोष्टी एकाच माणसाने बारा-तेरा महिन्यांच्या अंतराने हाती घेतल्या. त्याला त्यात विसंगती वाटली नाही. आपल्याला का वाटते, एवढेच मला तपासायचे आहे.

लालाजी म्हटले की आपल्याला लाल-बाल-पाल आठवतात, आणि सायमन कमिशनवरचा लाठीमार. तो लाठीमार झाला ३० ऑक्टोबर १९२८ रोजी, लाहोरच्या रेल्वे स्टेशनाबाहेर. कमिशन गाडीने आले होते आणि निदर्शक स्टेशनाकडे निघाले होते. १७ नोव्हेंबरला लालाजी गेले. पुढचा भगतसिंगांचा इतिहास शाळेच्या पुस्तकात आहे. पण त्याच्या आधी तीस वर्षे हा माणूस दुष्काळात राबत होता, ते पुस्तकात फारसे येत नाही. १८९७ चा दुष्काळ, मग १८९९-१९०० चा मोठा दुष्काळ, राजस्थानात ज्याला छप्पनिया म्हणतात तो. १९०५ चा कांगड्याचा भूकंप. या सगळ्यांत वकिली बाजूला ठेवून लालाजींनी अनाथ मुले गोळा केली, धान्य पोचवले, पैसा उभारला. त्या काळात सरकारी मदत तुटपुंजी असे आणि पोरकी मुले ज्याच्या हाती लागतील त्याची होत. लालाजींनी मुलांना अन्न दिले आणि त्याच वेळी दुष्काळ आयोगापुढे जाऊन साक्षही दिली, की सरकारचे नियम असे असे चुकतात, ते बदला. एका हाताने भाकरी आणि दुसऱ्या हाताने अर्ज. हे लक्षात ठेवा, मला पुन्हा त्याकडे यायचे आहे.

१९०७ साली त्यांना मंडालेला हद्दपार केले. पुढच्या वर्षी आपले टिळक त्याच मंडालेला गेले. टिळकांच्या निधनानंतर, १९२० च्या अखेरीस, लालाजींनी लाहोरला टिळक स्कूल ऑफ पॉलिटिक्स सुरू केले. राजकारणात आणि समाजकार्यात पूर्ण वेळ पडणारी माणसे तयार करायची, हा हेतू. लोकसेवक मंडळाची मुळे त्या शाळेत आहेत. पंजाबात टिळकांच्या नावाने शाळा निघाली होती ही गोष्ट पुण्याच्या माणसालाही सांगावी लागते, असा माझा अनुभव आहे.

नमुनाही पुण्याचाच होता. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १२ जून १९०५ रोजी पुण्यात भारत सेवक समाज स्थापन केला. सभासदाने शपथ घ्यायची, स्वतःसाठी पैसा मिळवण्यात शक्ती खर्च करायची नाही, समाज देईल त्या तुटपुंज्या वेतनात घर चालवायचे आणि जन्मभर देशाचे काम करायचे. टिळक आणि गोखले यांचे किती पटत असे ते आपण जाणतो. लालाजींनी लाहोरात एकाचे नाव शाळेला दिले आणि दुसऱ्याची घडण संस्थेला दिली. आपण मराठी माणसे अजून त्या भांडणात गट पाडून बसतो.

आता लोकसेवक मंडळाची रीत पाहा. आजीव सभासदाने किमान वीस वर्षे कामाला द्यायची. बदल्यात मासिक मानधन, तेही मोजके. लालबहादुर शास्त्री काशी विद्यापीठातून बाहेर पडले आणि या मंडळाचे सभासद झाले. अस्पृश्यतानिवारणाच्या कामावर त्यांची नेमणूक झाली. त्यांच्याविषयी एक हकीकत सांगतात. घरखर्चासाठी मंडळाकडून पन्नास रुपये येत. एकदा कळले की पत्नीने त्यातून दहा रुपये मागे टाकले आहेत. शास्त्रीजींनी मंडळाला पत्र लिहिले, की आमचे चाळिसांत भागते, दहा कमी करा. ललितादेवींना त्या दिवशी काय वाटले असेल, ते हकीकत सांगणारे कधी सांगत नाहीत! घरातल्या बाईने पोटाला चिमटा काढून वाचवलेले दहा रुपये होते ते. पण पुढे हाच माणूस रेल्वेमंत्री झाला आणि नोव्हेंबर १९५६ मध्ये अरियालूरचा अपघात झाल्यावर त्याने राजीनामा दिला. रेल्वेतल्या जुन्या माणसांना अरियालूरचे नाव सांगावे लागत नाही. त्या राजीनाम्याची सवय कुठे लागली, याचे उत्तर त्या दहा रुपयांत थोडेफार सापडते. पुरुषोत्तमदास टंडन आणि बलवंतराय मेहता यांच्यानंतर शास्त्रीजी या मंडळाचे अध्यक्षही होते.

टपालवाल्या बंधूंसाठी आणखी एक नाव. हरिहरनाथ शास्त्री. हेही मंडळाचेच, कानपूरच्या गिरण्यांतले कामगार पुढारी, इंटकचे अध्यक्षपद भूषवलेले. डिसेंबर १९५३ मध्ये नागपूरला रात्रीचे टपाल विमान उड्डाण करताच कोसळले, त्यात ते गेले. त्या काळी दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या चार दिशांची टपालविमाने मध्यरात्री नागपूरला एकत्र येत, थैल्यांची अदलाबदल होई आणि पहाटेपर्यंत विमाने परत जात. नागपूरच्या आर.एम.एस.मधल्या जुन्या लोकांकडून मी त्या रात्रींची वर्णने ऐकली आहेत. टपालाच्या थैल्यांबरोबर प्रवास करणारा एक कामगार पुढारी त्या थैल्यांबरोबरच गेला. त्याला मानधन देणारी संस्था धर्मादाय होती. युनियनचे काम करायला माणूस मोकळा राहावा म्हणून एक सेवासंस्था त्याचे घर चालवीत होती. काल रात्री ‘दान की हक्क’ म्हणून टेबल वाजवणाऱ्यांनी यावर जरूर विचार करावा.

तिसरे नाव राजाराम शास्त्री. लालाजींनी आपली पुस्तके देऊन लाहोरला द्वारकादास लायब्ररी उभी केली होती. राजाराम शास्त्री तिचे ग्रंथपाल. भगतसिंग, सुखदेव ही नॅशनल कॉलेजची पोरे तिथे येऊन बसत. भगतसिंगांचे वाचन वाचन म्हणून जे गाजते, त्यातला मोठा भाग या कपाटांमधला. पुढे राजाराम शास्त्रीही कानपुरात कामगारांचे पुढारी झाले. फाळणीनंतर लायब्ररी लाहोरहून निघाली, शिमल्याला राहिली आणि मग चंडीगडला आली. आज ती सेक्टर १५ च्या त्याच भवनात आहे. लालाजींची दुसरी एक आठवण मात्र तिकडेच राहिली. त्यांच्या आई गुलाबदेवी क्षयाने गेल्या, म्हणून त्यांनी बायकांच्या क्षयरोग इस्पितळासाठी विश्वस्त निधी केला. ते इस्पितळ १९३४ साली सुरू झाले आणि लाहोरात गुलाबदेवींच्याच नावाने अजून चालते. सरहद्द आडवी आली, तरी रोगी येतच राहिले.

आता थोडे आपल्या घरचे. ना. म. जोशी. रायगड जिल्ह्यातल्या गोरेगावचे. १९०९ साली गोखल्यांच्या भारत सेवक समाजात आले आणि १९११ साली त्यांनी मुंबईत सोशल सर्व्हिस लीग काढली. काम काय? गिरणगावात रात्रशाळा, फिरती वाचनालये, सावकाराच्या पाशातून सोडवण्यासाठी सहकारी पतपेढ्या. म्हणजे निव्वळ समाजसेवा. पण रात्रशाळेत शिकायला येणारा कामगार बाराखडीबरोबर आपली कहाणीही घेऊन येतो. जोशींनी ती ऐकली. १९१९ साली वॉशिंग्टनच्या आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेला ते हिंदी कामगारांचे प्रतिनिधी म्हणून गेले. सरकारने नेमले म्हणून टीकाही झाली आणि कामगारांचा प्रतिनिधी कामगारांनीच निवडावा, या मागणीतूनच आयटकच्या स्थापनेला जोर आला. पुढे मध्यवर्ती कायदेमंडळात त्यांनी पाव शतक कामगारांची बाजू मांडली. १९२३ चा नुकसानभरपाईचा कायदा, १९२६ चा ट्रेड युनियन कायदा, यांच्या मागे या माणसाची चिकाटी आहे. आपल्या युनियनच्या नोंदणीचा दाखला भिंतीवर लावलेला असतो ना, त्याच्या पाठीशी एक रात्रशाळा आहे. जोशींना जहाल मंडळींनी मवाळ म्हणून पुष्कळ हिणवले. काही बाबतींत ते हिणवणे रास्तही होते. पण शाळेत हजेरी घेणारा माणूस कायदेमंडळात आकडे घेऊन उभा राहतो, हे जहालांपैकी फार थोड्यांना जमले.

लीगने परळला दामोदर हॉल बांधला. कामगार रंगभूमीमुळे आपल्याला तो ठाऊक आहे. त्याच दामोदर हॉलमध्ये ९ मार्च १९२४ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सभा बोलावली आणि त्यातून बहिष्कृत हितकारिणी सभा निघाली. वसतिगृहे, वाचनालये, शिक्षण, अशीच तिची कामे. कागदावर पाहिले तर तीही एक धर्मादाय संस्था. पण बाबासाहेबांनी तिथे थांबायचे नाकारले. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला जी.आय.पी. रेल्वेतल्या दलित कामगारांच्या परिषदेत त्यांनी काय सांगितले, ते रेल्वेतल्या प्रत्येक शाखेने पुन्हा वाचावे. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू, हे वाक्य सगळ्यांना माहीत असते. पण त्यांनी एक बारीक तपशील सांगितला होता. अस्पृश्य माणूस रेल्वेत गँगमन होऊ शकतो, पण पोर्टर होऊ शकत नाही. का? तर लहान स्टेशनावर पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरचीही कामे करावी लागतात आणि घरात तो चालत नाही. जन्मभर रूळ ठोकायचे, बढती नाही, बदल नाही. हे दुःख कुठल्या देणगीने जाणार? इथे वर्गणी लागते, संघटना लागते, आणि संघटनेतल्या आपल्याच भावाला ‘तूही यात सामील आहेस’ असे सुनावण्याचे धैर्य लागते. मनमाडला बाबासाहेबांनी ते सुनावले.

मग मी ठरावाच्या विरुद्ध आहे काय? थांबा. सेक्टर १५ मधून बाहेर पडा आणि पलीकडे सेक्टर १२ मध्ये जा. तिथे पीजीआय आहे. १९६२ साली सुरू झालेले हे इस्पितळ. पंजाब, हरियाणा, हिमाचल, जम्मू-काश्मीर, उत्तराखंड, एवढ्या मुलखाचे अवघड रोगी इथे येतात. रोगी आत असतो, नातेवाईक बाहेर. आपल्या परळच्या टाटा इस्पितळाबाहेरची पदपथावरची बिऱ्हाडे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना वेगळे वर्णन नको. तिकडे दादरला गाडगे महाराज मिशनची धर्मशाळा आहे म्हणून कितीतरी घरे निभावली. इथे लंगर आहेत. त्यातला एक लंगर जगदीशलाल आहुजा नावाच्या गृहस्थांचा होता. फाळणीत पेशावरहून लहान वयात आलेले निर्वासित. हातगाडीवर फळे विकून, पुढे केळ्यांच्या व्यापारात त्यांनी पैसा मिळवला. १९८१ साली मुलाच्या वाढदिवसाला सेक्टर २६ च्या मंडईत त्यांनी गरीब पोरांना जेवू घातले आणि ते चालूच ठेवले. २००० सालापासून ते पीजीआयबाहेर रोज पंगत वाढू लागले. पैसा कमी पडला तेव्हा मालमत्ता विकल्या. स्वतःला कर्करोग झाला तरी येत राहिले. २०२० साली त्यांना पद्मश्री मिळाली, २०२१ च्या नोव्हेंबरात ते गेले. लोक त्यांना लंगरबाबा म्हणत.

काल ज्यांनी ‘भिक्षा’ हा शब्द वापरला, त्यांना मी विचारतो. लेकरू आत शस्त्रक्रियेच्या टेबलावर आहे, गावाकडून आणलेले पैसे औषधांत संपले आहेत, अशा बापाच्या हातात संध्याकाळी रोटी-डाळ पडली तर तिला काय म्हणाल? लंगराच्या पंगतीत नाव-गाव विचारत नाहीत, शिधापत्रिका पाहत नाहीत. आपल्या शाखेच्या कचेरीत मदत मागायला आलेल्या माणसाला आपण पहिला प्रश्न कोणता विचारतो? ‘पावती फाडली आहे का?’

आणि आपल्यालाही कुणीतरी जेवू घातलेच आहे. ८ मे १९७४ ला रेल्वेचा संप सुरू झाला, वीस दिवस चालला. हजारो माणसे तुरुंगात, क्वार्टरे खाली करण्याच्या नोटिसा, बायकामुले दारात. त्या वीस दिवसांत चुली पेटल्या त्या शेजाऱ्यांच्या पिठावर आणि वाण्याच्या उधारीवर. त्याला कुणी भिक्षा म्हटले नाही.

तरीही लंगर एक गोष्ट करू शकत नाही. पंगतीतला माणूस उद्या पुन्हा पंगतीत का येतो, हे तो विचारत नाही. विचारावे अशी त्याच्याकडून अपेक्षाही नाही. हे शहरच पाहा. किती रेखीव! सरळ रस्ते, झाडांच्या रांगा, प्रत्येक सेक्टरला नंबर. परदेशी वास्तुकाराने, ल कॉर्बुझिएने, आखलेले. पहिला टप्पा दीड लाख वस्तीसाठी. पण हे सगळे सिमेंट ज्यांनी डोक्यावरून वाहिले त्या मजुरांना राहायला जागा कोणत्या सेक्टरात होती? मधू सरीन यांनी १९८२ सालच्या आपल्या पुस्तकात हे सविस्तर मांडले आहे. आराखड्यात त्यांना स्थान नव्हते, म्हणून ते पहिल्या दिवसापासून ‘बेकायदा’ ठरले. तात्पुरत्या वसाहती झाल्या, त्यांना नंबर पडले, पिढ्या गेल्या. त्यातली कॉलनी नंबर चार बुलडोझर लावून पाडली ती तारीख होती १ मे २०२२. कामगार दिन! यादीत नाव बसलेल्यांना मलोयाला भाड्याची घरे मिळाली. ज्यांचे नाव यादीत नव्हते त्यांनी भांडी उचलली. अशा दिवशी दोन माणसे लागतात. एक पिठले-भाकरी घेऊन येणारा आणि एक यादी वाचता येणारा.

या दोघांना एकाच घरात नांदवल्याचे उदाहरण पुण्यात आहे. बाबा आढावांनी हमालांना एकत्र करून हमाल पंचायत बांधली. लढे दिले. १९६९ साली माथाडी कायदा झाला, तोलाई-हमालीवर लेव्ही बसली, भविष्यनिर्वाह निधी आला. आणि त्याच पंचायतीने १९७४ साली ‘कष्टाची भाकर’ सुरू केली. बाजारात राबणाऱ्या माणसाला परवडेल अशा भावात भाजी-भाकरी. पुण्यात उतरलेल्या कितीतरी गाडीवाल्यांनी तिथे पोट भरले असेल. तिथे दाता आणि याचक असे दोघे नसतात. हमालाचीच वर्गणी, हमालाचेच भटारखाने, आणि शेजारी बसून जेवणारा रिक्षावालाही चालतो. ना. म. जोशी आज असते तर तिथे रोज जेवले असते, असे मला उगाच वाटते.

आता आपल्या दारातले. रेल्वेत स्वच्छतेचे, चादरी-पांघरुणांचे, पार्सल चढवण्या-उतरवण्याचे काम बव्हंशी ठेक्यावर गेले. टपालात खेड्यातली शाखा डाकघरे ग्रामीण डाकसेवक चालवतात. सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली राजम्मा खटल्यात सांगितले की हे खातेबाह्य एजंट काही मजुरीवरचे माणूस नाहीत, ते शासनाच्या पदावर काम करतात. तेव्हापासून त्यांचे नाव बदलले, भत्त्याचे नाव बदलले, समित्या आल्या, समित्या गेल्या. खात्याचा पूर्ण कर्मचारी म्हणून त्यांना पेन्शन मिळालेली नाही. स्टेशनावरच्या परवानाधारक हमालांचीही तीच गत. २००८ साली त्यांच्यापैकी पुष्कळांना गँगमन होण्याची संधी मिळाली, ती मागणी रेटल्यामुळे. जे राहिले त्यांना २०१६ साली ‘सहायक’ हे नवे नाव मिळाले. नाव बदलायला खर्च येत नाही.

या माणसांसाठी आपण दहा रुपये काढणार आणि ते तिसऱ्याच संस्थेला देणार? ती संस्था कुठे खर्च करणार? कदाचित दूरच्या एखाद्या चांगल्या गावात, चांगल्याच कामावर. आणि आपल्या फलाटावरचा झाडूवाला तसाच राहणार. हे मला पटत नाही. जुन्या सेवासंस्थांचेही पुष्कळ ठिकाणी काय झाले ते आपण पाहतो. इमारती राहिल्या, शपथ घेणारी माणसे आटली. पैसा देऊन मोकळे होणारे दाते वाढले की संस्थेला माणसांची गरज वाटेनाशी होते.

म्हणून मी ठरावाला दुरुस्ती दिली आहे. तिचा मसुदा आपल्याला वाटला आहेच, पण वाचून कंटाळा येईल म्हणून बोलून सांगतो. दहा रुपये जरूर घ्यावेत. ते महासंघाच्याच वेगळ्या खात्यात राहावेत, हिशेब दर तिमाहीला याच मासिकात छापावा, आण्यापैशासह. त्यातून प्रत्येक विभागात दोन पूर्ण वेळ कार्यकर्ते नेमावेत, लोकसेवक मंडळाच्या धर्तीवर, मोजक्या पण वेळेवर मिळणाऱ्या मानधनावर. शास्त्रीजींचे चाळीस रुपये कुणी मागू नये. माणसाच्या घरी बायकामुले असतात. त्यांनी काय करायचे? ठेक्याच्या कामगाराचा पी.एफ. खरोखर भरला जातो का, ते त्याच्याच मोबाईलवर त्याला दाखवायचे. ई.एस.आय.चे कार्ड नसेल तर मिळवून द्यायचे. पगाराची चिठ्ठी मागायची आणि बँकेत आलेल्या रकमेशी ताडून पाहायची. पगार खात्यात जमा होतो आणि दोन दिवसांनी मुकादम त्यातले काही रोखीने परत घेऊन जातो, हा प्रकार आपल्यापैकी कुणाला ठाऊक नाही? ठेकेदाराने पगार बुडवला तर मुख्य मालकाने तो द्यायचा, ही तरतूद १९७० च्या ठेका कामगार कायद्यात होती, नव्या संहितेतही ती ठेवली आहे. पण अर्ज कुणी लिहायचा? मजुराने लिहिला तर उद्या त्याला फाटकाच्या आत घेत नाहीत. आपण लिहिला तर आपली फार तर बदली होईल.

आणि निधीतला एक हिस्सा, माझ्या मते चौथा, तातडीच्या मदतीसाठी असावा. अपघात, बाळंतपण, इस्पितळ. तो देताना पावती विचारायची नाही. या कलमावर काल सर्वांत जास्त विरोध झाला आणि आजही होईल. मला माहीत आहे, आपलेच सभासद विचारतील की आमच्या वर्गणीतून बाहेरच्याला का? मी त्यांना एवढेच सांगेन, की तो बाहेरचा माणूस तुमच्याच डब्यातले, तुमच्याच कचेरीतले काम करतो. तो उद्या आणखी स्वस्तात मिळाला तर परवा तुमची जागा भरली जाणार नाही. ती भरली जात नाहीच आहे, रिक्त पदांच्या याद्या तुम्हीच घेऊन आला आहात.

सोलापूर विभागाच्या साथींनी दुरुस्तीला अनुमोदन दिले आहे. नागपूरच्या आर.एम.एस. शाखेचा चौथ्या हिश्श्याला विरोध आहे, त्यांना अध्यक्षांनी बोलायला वेळ द्यावा, अशी माझी विनंती आहे. मतदान जेवणानंतर होईल.

एक सूचना राहिली. मतदानानंतर ज्यांना द्वारकादास लायब्ररी पाहायची असेल त्यांनी चार वाजता फाटकापाशी जमावे. बस केली आहे, चाळीसच जागा आहेत, तेव्हा नावे आत्ताच कार्यालयात द्यावीत. जुनी पुस्तके आहेत, परवानगीशिवाय कुणी हात लावू नये. आणि जाताना पीजीआयवरून जाऊ. संध्याकाळी तिथे वाढायला माणसे लागतात.